छपरावरचे दोघे : पेट्रार्क, त्याचा मित्र आणि रोममधला एक फेरफटका

१.
चौदाव्या शतकातले रोम हे पाहण्याचे शहर नव्हते, दर्शनाचे होते. युरोपभरातून यात्रेकरू येत, संत पीटर आणि संत पॉल यांच्या समाध्यांवर माथा टेकवीत आणि आल्या वाटेने परत जात. वाटेत लागणाऱ्या प्रचंड भग्नावशेषांना नावे होती, त्यांच्याभोवती दंतकथाही होत्या. पण त्यांचा काळ विचारावा असे फारसे कुणाला वाटत नसे. अशा शहरात दोन मित्र पायी हिंडले, एका पडक्या इमारतीच्या छपरावर जाऊन बसले आणि तिथे त्यांनी इतिहासावर मनसोक्त गप्पा मारल्या. पुढे त्यांपैकी एकाने दुसऱ्याला त्या दिवसांची आठवण जागवणारे पत्र लिहिले. आजचा धागा त्या पत्राविषयी, त्या दोघांविषयी आणि त्यांच्यामागून त्याच वाटेने गेलेल्या आणखी काही मित्रांविषयी आहे.

२.
पत्र लिहिणारा होता कवी फ्रान्चेस्को पेट्रार्क. त्याचा जन्म २० जुलै १३०४ रोजी आरेझ्झो येथे झाला. वडील फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेले, त्यामुळे त्याचे बालपण दक्षिण फ्रान्समधल्या अव्हिन्यों शहराच्या आसमंतात गेले. पोपनेही १३०९ पासून आपला मुक्काम अव्हिन्योंला हलवला होता. म्हणजे ज्या काळात रोमचे वैभव सांगणारे ग्रंथ पेट्रार्क वाचत होता, त्या काळात खुद्द पोपही रोममध्ये नव्हता. लिव्हीचा इतिहास, व्हर्जिलचे काव्य आणि सिसेरोची भाषणे यांतून त्याने मनात एक रोम बांधले. ते पुरते बांधून झाल्यावर, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याला खरे रोम दिसले.

३.
ते साल होते १३३७. त्या काळी रोममध्ये कोलोन्ना आणि ओर्सिनी या दोन सरदार घराण्यांचे हाडवैर होते आणि पेट्रार्कचे आश्रयदाते कोलोन्ना होते. त्यामुळे शहरात शिरण्याआधी त्याला जवळच्या काप्रानिका गावी थांबावे लागले. तिथून कोलोन्ना बंधूंनी सुमारे शंभर घोडेस्वारांच्या बंदोबस्तात त्याला रोममध्ये नेले. आश्रयदाता कार्डिनल कोलोन्ना याने त्याला आधीच सावध केले होते, की ऐकलेली कीर्ती आणि डोळ्यांसमोरचे अवशेष यांत इतके अंतर पडेल की मन विटून जाईल. पेट्रार्कने १५ मार्चला रोममधूनच त्याला उलट कळवले : रोम अपेक्षेपेक्षा मोठे निघाले आणि त्याचे अवशेषही. या नगरीने जग जिंकले याचे आता नवल वाटत नाही. ते इतक्या उशिरा कसे जिंकले, याचे वाटते.

४.
त्याने पाहिलेले शहर कसे होते? सम्राट ऑरेलियनने तिसऱ्या शतकात बांधलेली तटबंदी सुमारे १९ किलोमीटर लांबीची होती. ती भरभराटीच्या रोमसाठी बांधलेली. चौदाव्या शतकातली लोकवस्ती मात्र तिच्या एका कोपऱ्यात, मुख्यतः टायबर नदीच्या वळणाशी एकवटली होती. उरलेल्या आवारात द्राक्षमळे, कुरणे, एकाकी मठ आणि झुडपांनी वेढलेले अवशेष. उमरावांनी जुन्या इमारतींचेच किल्ले केले होते. ऑगस्टसच्या समाधीवर कोलोन्नांची गढी आणि पाँपीच्या नाट्यगृहावर ओर्सिनींची. ज्या फोरममध्ये एकेकाळी राज्यकारभाराच्या चर्चा झाल्या, तिथे माती साचून जमीन कितीतरी वर आली होती आणि अर्धे खांब तिच्यात गडप झाले होते.

५.
या अवशेषांची माहिती हवी असेल तर हाताशी एक लोकप्रिय वाटाड्या पुस्तक होते. ‘मिराबिलिया’, म्हणजे रोममधल्या अद्‌भुत गोष्टी. बाराव्या शतकात रचलेल्या या पुस्तकात इमारती आहेत, कथा आहेत, चमत्कार आहेत. कालक्रम जवळजवळ नाही. घोड्यावर बसलेल्या मार्कस ऑरेलियसचा ब्राँझचा पुतळा लोक पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन याचा समजत. तो वितळवला गेला नाही, त्याचे मोठे श्रेय या गैरसमजाला दिले जाते. व्हॅटिकनजवळच्या एका पिरॅमिडला रोम्युलसची समाधी म्हणत आणि दक्षिणेकडे तटबंदीत अडकलेल्या दुसऱ्या पिरॅमिडला त्याच्या भावाची, रीमसची. रोम वसवणाऱ्या जुळ्या भावांना दोन सारख्या समाध्या! लोकस्मृतीला अशी जुळणी फार आवडते. या दुसऱ्या पिरॅमिडपाशी आपल्याला पुन्हा यायचे आहे.

६.
आता पत्र ज्याला लिहिले तो मित्र. त्याचेही नाव जोव्हान्नी कोलोन्ना. पण हा कार्डिनल कोलोन्ना नव्हे. हा त्याच मोठ्या घराण्यातला, दोमिनिकन पंथाचा साधू. तो स्वतः इतिहासकार होता. ‘थोर पुरुषांची चरित्रे’ या अर्थाच्या त्याच्या ग्रंथात मूर्तिपूजक आणि ख्रिस्ती अशा दोन्ही काळांतल्या लेखकांना जागा आहे, तर ‘मारे हिस्तोरियारुम’, अर्थात ‘इतिहासांचा सागर’, या ग्रंथात त्याने जगाचा सलग इतिहास मांडण्याचा उद्योग केला. पेट्रार्कच्या पत्रसंग्रहात या पत्रानंतरचेच पत्रही त्याला लिहिलेले आहे. त्यात म्हातारपण, गरिबी आणि पायाच्या दुखण्याबद्दल कुरकुरणाऱ्या या मित्राची समजूत घातलेली दिसते. थोडक्यात, विद्वान असला तरी तो हाडामांसाचा, कटकट करणारा, जवळचा माणूस होता.

७.
पत्रावर ३० नोव्हेंबर ही तारीख आहे आणि ते सामान्यतः १३४१ सालचे मानले जाते. त्याच वर्षी ८ एप्रिलला रोमच्या कॅपिटोलिन टेकडीवर पेट्रार्कला कवी म्हणून लॉरेलचा मुकुट घालण्यात आला होता. पत्रात तो लिहितो की रोममध्ये ते दोघेच हिंडत असत. चालता चालता बोलण्याची आपली खोड मित्राला ठाऊक आहेच, असेही सांगतो. मग सुरू होते ठिकाणांची एक लांबलचक माळ. इथे इव्हँडरचा वाडा, इथे काकस राक्षसाची गुहा, इथे रोम्युलस आणि रीमस यांना दूध पाजणारी लांडगी, इथे पूल अडवून उभा राहिलेला होरेशियस, इथे नदी पोहून गेलेली क्लीलिया. पुढे सीझर, ऑगस्टस, मग पीटर आणि पॉल यांचे हौतात्म्य, मग संत लॉरेन्स.

८.
ही यादी नकाशावर मांडून पाहिली की एक गंमत लक्षात येते. या क्रमाने रोममध्ये चालताच येत नाही. तसे चालायचे तर माणसाला शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सतत धावाधाव करावी लागेल. यादीचा क्रम पावलांचा नाही, काळाचा आहे : आधी दंतकथेतले राजे, मग प्रजासत्ताकाचे वीर, मग सम्राट, शेवटी ख्रिस्ती हुतात्मे. शिवाय यातल्या कित्येक ठिकाणी पाहण्यासारखे काही उरलेलेच नव्हते. इव्हँडरचा वाडा हा व्हर्जिलच्या काव्यातला आहे. पॅलेटाइन टेकडीवर त्याची एक वीटही दाखवता आली नसती. पेट्रार्क डोळ्यांनी जमीन पाहत होता आणि स्मरणाने ग्रंथ वाचत होता. ‘मिराबिलिया’पेक्षा त्याचे वेगळेपण इथेच आहे. प्रत्येक जागेला त्याने काळाच्या दोऱ्यात ओवले.

९.
हिंडून दमले की ते दोघे डायोक्लेशियनच्या स्नानगृहांकडे वळत. इ.स. २९८ ते ३०६ या काळात बांधलेली ही सार्वजनिक स्नानगृहे रोममधली सर्वांत मोठी. सुमारे १३ हेक्टरांचे आवार, थंड, कोमट आणि कढत पाण्याची दालने, मोठमोठ्या कमानी. चौदाव्या शतकात तिथे पाणी नव्हते, माणसेही नव्हती. पण काही दालनांवरची छते शाबूत होती. त्या उंच छतावर ते चढत. तिथली हवा निर्मळ होती, चहूकडचा मुलूख दिसत असे, आणि हवी तेवढी शांतता आणि एकांत मिळे. घरदार, पैसाअडका, राजकारण यांतले काहीही तिथे बोलायचे नाही, असा जणू अलिखित करारच होता. खाली फुटक्या भिंती आणि वर हे दोघे.

१०.
बोलणे बहुतेक इतिहासाचे असे. या इतिहासाची त्यांनी आपसात वाटणी करून टाकली होती. जुन्या घडामोडींत पेट्रार्क तरबेज, नव्या घडामोडींत कोलोन्ना. जुने कोणते आणि नवे कोणते, याची व्याख्याही पेट्रार्क पत्रात देतो. रोमन सम्राटांनी ख्रिस्ताच्या नावाचा स्वीकार आणि सन्मान करण्यापूर्वीचा काळ तो जुना, आणि तिथपासून थेट त्यांच्या दिवसापर्यंतचा तो नवा. दोन मित्र छपरावर बसले आहेत आणि एकमेकांना सांगताहेत, ‘हे तुझे, ते माझे.’ वरवर पाहता ही साधी सोय आहे. भाकरीचे दोन तुकडे करून वाटून घ्यावेत, तशी.

११.
पण ही वाटणी त्या काळाच्या दृष्टीने विलक्षण होती. तोवर जगाचा इतिहास बहुधा धर्मग्रंथाच्या चौकटीत मांडला जाई. संत ऑगस्टिनच्या पद्धतीने सृष्टीच्या उत्पत्तीपासून सहा युगे, किंवा दानिएलच्या ग्रंथावरून एकामागून एक येणारी चार साम्राज्ये. या दुसऱ्या हिशेबात रोमचे साम्राज्य शेवटचे होते आणि ते अजून चालूच आहे, अशी समजूत होती. ऑगस्टसपासून आपल्यापर्यंत काही तुटलेले नाही, असे मानणाऱ्या माणसाला ‘प्राचीन रोम’ ही वेगळी वस्तू दिसणारच नाही. काहीतरी संपले आहे आणि आपण त्याच्या पलीकडच्या तीरावर उभे आहोत, ही जाणीव त्या छपरावरच्या वाटणीत आहे.

१२.
इतिहासकार थिओडोर ई. मॉमसेन याने १९४२ साली ‘अंधारयुग’ या कल्पनेचा उगम शोधणारा एक निबंध लिहिला. (रोमचा इतिहास लिहिणारा, १९०२ साली साहित्याचे नोबेल मिळवणारा थिओडोर मॉमसेन हा त्याचा आजोबा.) या निबंधात त्याने पेट्रार्कच्या या पत्राला कळीचे स्थान दिले. जुन्या रोमचा तेजस्वी काळ आणि त्यानंतरचा अंधार, अशी मांडणी पेट्रार्कच्या लेखनात आकार घेते. पुढच्या दोन-तीन शतकांत त्या अंधारापलीकडे तिसरा, ‘आधुनिक’ काळ जोडला गेला आणि प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक ही आज परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेतही दिसणारी त्रयी तयार झाली.

१३.
इथे थोडे थांबून एक गोष्ट विचारायला हवी. छपरावर बोलणारे दोघे होते; आपल्याला ऐकू येते ते एकाचेच. कोलोन्ना ज्या ‘नव्या’ इतिहासात जाणकार होता, त्या हजारएक वर्षांबद्दल तो त्या उन्हात काय बोलला, याचा एक शब्दही पत्रात नाही. त्याने त्या शतकांतले विद्वान, संत, राजे यांची नावे घेतली असतीलच. ‘इतिहासांचा सागर’ लिहिणारा माणूस गप्प बसणारा नव्हता. पण युरोपच्या स्मरणात पेट्रार्कचा वाटा राहिला, कोलोन्नाचा विरून गेला. ज्या काळाचा जाणकार शेजारीच बसला होता, त्याच काळाला पुढे ‘अंधारयुग’ हे नाव चिकटले. अंधार त्या शतकांत किती होता आणि ऐकणाऱ्याच्या कानात किती होता, हा प्रश्न मध्ययुगाच्या अभ्यासकांना आजही पुरून उरला आहे.

१४.
गंमत म्हणजे मित्राने एक लेखी मागणी केली होती. एके दिवशी छपरावर बोलता बोलता विषय विद्या आणि कलांच्या उगमाकडे वळला होता. कोणती विद्या कुणी प्रथम शोधली, कुठे शोधली. पेट्रार्क त्यावर बराच वेळ बोलला. ते सारे लिहून पाठव, असा कोलोन्नाचा आग्रह. पेट्रार्कचे उत्तर साऱ्या पत्रातला सर्वांत हळवा भाग आहे. ती जागा परत दे, तो निवांतपणा, तो दिवस, तुझे ते लक्ष देऊन ऐकणे परत दे, मग मला ते पुन्हा जमेल, अशा आशयाचे तो लिहितो. त्याच्या लेखी ज्ञान डोक्यात साठवून ठेवलेली वस्तू नव्हती. ते समोरच्या माणसामुळे सुचले होते.

१५.
त्याच पत्रात एक चरचरीत तक्रारही आहे. रोमविषयी रोमकरांइतके अडाणी आज दुसरे कोणी नाही आणि रोम जितके रोममध्ये अनोळखी आहे तितके कुठेच नाही, असे पेट्रार्क खेदाने नोंदवतो. त्याला अडाणीपणाइतकेच त्याचे परिणाम बोचतात. या नगरीने स्वतःला ओळखायला सुरुवात केली तर ती पुन्हा उभी राहील यात शंका ती कसली, असा त्याचा विश्वास. इतिहास कळला की शहर उठून उभे राहते, ही कल्पना त्या छपरावरून फार सुंदर दिसते. खाली उतरल्यावर तिचे काय होते, ते कळायला सहा वर्षेही लागली नाहीत.

१६.
रोममध्ये कोला दि रिएन्झो नावाचा एक लेखनिक होता, खानावळवाल्याचा मुलगा. जुने शिलालेख वाचण्याचा त्याला ध्यास होता. सम्राट व्हेस्पेशियनचे अधिकार सांगणारा ब्राँझचा पत्रा त्याने लोकांसमोर मांडून दाखवला आणि त्याचा अर्थ लावला, की हे अधिकार सम्राटाला तुमच्या पूर्वजांनी, रोमच्या जनतेने दिले होते. मे १३४७ मध्ये त्याने उमरावांना दूर सारून सत्ता हाती घेतली. पेट्रार्क हर्षभरित झाला. रोम स्वतःला ओळखू लागले होते! त्याने कोलाला उत्तेजनपर पत्रे लिहिली. पण २० नोव्हेंबरला संत लॉरेन्सच्या वेशीपाशी लढाई झाली. तिच्यात कोलोन्ना घराण्यातले अनेक पुरुष मारले गेले. ज्यांनी पेट्रार्कला कधीकाळी घोडेस्वारांच्या बंदोबस्तात रोम दाखवले होते, त्यांचेच घर उजाड झाले.

१७.
त्याच वर्षी पेट्रार्कने कार्डिनल कोलोन्नाच्या आश्रयाला रामराम ठोकला. डिसेंबरात कोलाही सत्ता सोडून पळाला. काही वर्षांनी परत आला आणि ८ ऑक्टोबर १३५४ रोजी कॅपिटोलिनवर जमावाने त्याला ठार केले. त्याच टेकडीवर पेट्रार्कने मुकुट घातला होता. शिलालेख कोलाने नीट वाचला होता, तरी शिलालेखातली जनता आणि रस्त्यावरची जनता यांत बारा-तेरा शतकांचे अंतर होते. ते अंतर पेट्रार्कनेच छपरावर बसून मोजले होते. काळाची वाटणी करणारा माणूस ऐन वेळी ती विसरला, हा या गोष्टीतला सर्वांत दुखरा भाग.

१८.
त्यानंतरची जोडी पंधराव्या शतकाच्या आरंभीची आणि कारागिरांची. फ्लॉरेन्सचे फिलिप्पो ब्रुनेलेस्की आणि दोनातेल्लो, एक पुढे वास्तुकार म्हणून गाजला, दुसरा शिल्पकार म्हणून. ब्रुनेलेस्कीचा चरित्रकार मानेत्ती सांगतो की हे दोघे रोममध्ये अवशेषांची मापे घेत, गरज पडली तर मजूर लावून पाया उकरत. लोकांना वाटे, हे गुप्तधन शोधणारे असावेत. त्यांना तेच नाव पडले. पेट्रार्कला दगडाआडची कथा हवी होती. यांना दगडावर दगड कसा बसला आहे ते हवे होते. १४२० साली फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चवरच्या महाकाय घुमटाचे काम सुरू झाले, ते ब्रुनेलेस्कीच्या कल्पनेबरहुकूम.

१९.
तिसरी जोडी १४३० च्या सुमाराची. पोपच्या दरबारातले दोन लेखनिक-विद्वान, पोज्जो ब्राच्चोलिनी आणि अंतोनियो लोस्की. पोप मार्टिन पाचवा प्रकृतीसाठी शहराबाहेर गेला होता. कामाचा ताण कमी, म्हणून हे दोघे वारंवार अवशेष पाहायला निघत. एके दिवशी ते कॅपिटोलिनवर चढले, घोड्यांवरून उतरून दगडांत बसले आणि खालच्या शहराकडे पाहू लागले. लोस्कीने सुस्कारा सोडला. व्हर्जिलच्या काळी सोन्याने मढलेली ही टेकडी पूर्वी झुडपांनी भरलेली होती असे तो कवी सांगतो. आता ती पुन्हा काट्याकुट्यांनी भरली आहे. पोज्जोने हा प्रसंग नशिबाच्या फेऱ्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात संवादरूपाने लिहिला. इथे दुसऱ्या मित्राला नाव आहे, आवाज आहे, संभाषणाची सुरुवातच तो करतो.

२०.
पोज्जोची नजर मात्र सुस्काऱ्यापाशी थांबत नाही. तो इमारत इमारत मोजतो आणि तिच्यावरची अक्षरे वाचतो. कॅपिटोलिनवरच्या एका जुन्या वास्तूत तेव्हा मिठाची कोठी होती. मिठाच्या ओलाव्याने खाऊन टाकलेला प्रजासत्ताक काळातला लेख त्याने तिथे टिपला. आणि मग तो त्या पिरॅमिडपाशी येतो. पेट्रार्कसारख्या महापंडितानेही लोकांचे ऐकून याला रीमसची समाधी म्हणावे, याचे त्याला आश्चर्य वाटते. झुडपांनी झाकलेला लेख वाचण्याची तसदी त्याने घेतली नसावी. लेखावरून ही समाधी गायस सेस्टियस नावाच्या एका रोमन अधिकाऱ्याची ठरते. सुमारे ३६ मीटर उंचीचे ते बांधकाम इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीस, मृत्युपत्रातल्या अटीप्रमाणे, ३३० दिवसांत पुरे झाले होते.

२१.
साऱ्या रोमला अनोळखीपणाबद्दल बोल लावणारा पेट्रार्क इथे स्वतः दंतकथेच्या बाजूने उभा दिसतो. पण ही त्याची फजिती म्हणून सांगण्यासारखी गोष्ट नाही. त्याला ग्रंथ पाठ होते. झुडूप बाजूला सारून दगड वाचण्याची सवय पुढच्या पिढ्यांना लागली. आणि त्या पिढ्यांना रोमकडे जाण्याची वाट त्यानेच दाखवली होती. पोज्जोचा शेरा वाचताना वाटते, शंभर वर्षांनी उशिरा का होईना, त्या छपरावर आणखी एक मित्र येऊन बसला आहे आणि म्हणतो आहे, ‘थांब, हे तुझे चुकते आहे.’ इतिहासात खोडून काढणारा माणूसही सोबतीच असतो.

२२.
मात्र पोज्जोच्या ग्रंथात दगडांविषयी याहून कडवट नोंद आहे. तो पहिल्यांदा रोमला आला तेव्हा फोरमच्या कडेला एक संगमरवरी मंदिर जवळजवळ पूर्ण उभे होते. तो त्याला एकतेच्या देवतेचे म्हणतो. त्याच्या वर्णनावरून ते सॅटर्नचे मंदिर असावे असे मानले जाते. काही वर्षांत रोमकरांनी ते पाडून भाजले आणि त्याचा चुना केला. संगमरवर म्हणजे शुद्ध चुनखडी. भट्टीत तापवला की त्याची कळी पडते आणि बांधकामाला उत्तम चुना मिळतो. पुतळे, खांब, कोरीव शिळा, सारे या भट्ट्यांत गेले. १४६२ साली पोप पायस दुसरा याने प्राचीन वास्तू मोडण्यावर बंदी घालणारा हुकूम काढला, तरी भट्ट्या काही एका दिवसात विझल्या नाहीत. पेट्रार्कचा अनोळखीपणाचा मुद्दा इथे खरा ठरतो. ज्याची ओळख नाही, त्याची किंमत वजनावर होते.

२३.
शेवटची नोंद एडवर्ड गिबनची. १५ ऑक्टोबर १७६४ रोजी कॅपिटोलिनच्या अवशेषांत बसला असता अनवाणी साधूंचे सायंप्रार्थनेचे सूर कानी आले आणि रोमच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिण्याची कल्पना सुचली, असे त्याने आत्मवृत्तात सांगितले आहे. इटलीच्या त्या प्रवासात विल्यम गाइज हा मित्र त्याच्यासोबत होता. त्या सुप्रसिद्ध वाक्यात तो नाही. साधू ज्युपिटरच्या मंदिरात गात होते असे गिबन म्हणतो. ज्युपिटरचे मंदिर टेकडीच्या दुसऱ्या शिखरावर होते. १७८८ साली त्याच्या ग्रंथाचा अखेरचा भाग निघाला. त्याचे शेवटचे प्रकरण पोज्जो आणि त्याचा मित्र टेकडी चढतात तिथून सुरू होते. पण त्या आरंभीच्या वाक्यात पोपचे नाव चुकले आहे आणि लोस्की केवळ ‘एक मित्र’ झाला आहे.

२४.
पेट्रार्कपासून गिबनपर्यंत सव्वाचार शतके लोटली. इतक्या काळात पाहणाऱ्यांची नावे राहिली आणि सोबत चालणाऱ्यांची पुसट होत गेली. तरी या साऱ्या फेरफटक्यांत निर्णायक क्षण दुसऱ्याने दिलेला आहे. कोलोन्नाने ‘माझा भाग वेगळा’ असे म्हणायला जागा होती म्हणून जुने आणि नवे वेगळे झाले. दोनातेल्लो मापाची दोरी धरायला होता. लोस्कीने सुस्कारा सोडला म्हणून पोज्जो बोलता झाला. एकटा माणूस अवशेषांपुढे बहुधा स्वतःचेच ऐकतो. शेजारी कुणी असले की आपल्याला काय ठाऊक नाही, त्याची सीमारेषा दिसू लागते. त्या रेषेवरच इतिहासाचा पहिला खुंटा रोवला जातो.

२५.
फ्रा कोलोन्नाचा ‘इतिहासांचा सागर’ अजूनही वाचायला आहे. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पंधराव्या शतकातली त्याची एक अत्यंत देखणी सचित्र प्रत जपलेली आहे. डायोक्लेशियनच्या स्नानगृहांतल्या एका भव्य दालनाचे मायकेलअँजेलोने १५६१ पासून चर्चमध्ये रूपांतर केले, काही दालनांत आता राष्ट्रीय संग्रहालय आहे, आणि समोरच्या रेल्वे स्थानकाला ‘तेर्मिनी’ हे नाव या स्नानगृहांवरून, ‘थर्मे’वरून, मिळाले आहे. रोज हजारो प्रवासी त्या नावाखालून जातात.

२६.
पिरॅमिडजवळच आज ‘पिरामिदे’ याच नावाचे मेट्रो स्थानक आहे. झुडपे केव्हाच निघाली. सेस्टियसचे नाव रस्त्यावरून स्पष्ट वाचता येते. त्याच्याखाली १६६३ साली झालेल्या डागडुजीची ओळही कोरलेली आहे. कुणी मित्रासोबत तिथे गेलेच, तर एकाने अक्षरे वाचावीत आणि दुसऱ्याने विचारावे, ‘मग हे रीमसचे आहे असे लोकांना का वाटले असेल?’ पहिला प्रश्न सोडवायला पोज्जो पुरे होता. दुसऱ्यासाठी कोलोन्नासारखा कुणीतरी लागतो, मधल्या हजार वर्षांतली माणसे ओळखणारा.

(धागा समाप्त)